मेहुण्याचा वाटा

कंपन्यांमध्ये तिला ‘पंपबाई’ म्हणत, आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. अकरा वर्षं तिने पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं इंग्रजीत केली होती. मधूनच एखादी लिफ्ट, शिलाई मशीन, एकदा दातांच्या डॉक्टरांची खुर्ची. पण घर चाललं ते पंपांवर. तिचं म्हणणं असं, की पंपाच्या भाषेत लबाडी चालत नाही. ‘झडप उघडा’चं इंग्रजी चुकलं, तर पलीकडे कुणाच्या तरी तोंडावर पाणी उडतं आणि आठवड्यात पत्र येतं.

तसंच एक पत्र वाइनच्या एका जुन्या कारखान्याला आलं, आणि म्हणून त्यांना पंपबाईची आठवण झाली.

झालं होतं असं. परदेशातल्या एका खरेदीदार बाईंना या कारखान्याची लाल वाइन आवडली होती. माल घेण्याआधी तुमच्या तळघरात कामं कशी चालतात ते इंग्रजीत लिहून पाठवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. आता तळघराची एक वही होतीच. चौसष्ट पानी, कोपरे जांभळे झालेली, तळघर सांभाळणाऱ्या काकांच्या हातची. आणि त्याआधीची पानं त्यांच्या गुरूंच्या हातची. ती इंग्रजीत करायचं काम प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखांकडे गेलं. हे प्रमुख म्हणजे मालकांच्या बायकोचे सख्खे भाऊ. अख्खा कारखाना त्यांना ‘मेहुणेसाहेब’ म्हणे, तोंडावरसुद्धा. मेहुणेसाहेबांनी वही कॉम्प्युटरला दिली, कॉम्प्युटरने जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी करून दिलं, आणि साहेबांनी ते न वाचता पाठवून दिलं.

बाईंचं उत्तर फार सभ्य होतं. ‘आपल्याकडे दिवसातून तीनदा टोपी बुडवून मारतात असं वाचलं. हा काही धार्मिक विधी आहे का, आणि पाहुण्यांना तो बघता येतो का? तसंच, तिसऱ्या आठवड्यात जो रुसतो आणि ज्याला कांबळं गुंडाळून शेजाऱ्याकडचा हसरा रस पाजतात, तो कर्मचारी आता बरा आहे ना?’

मालकांनी ते पत्र कुणाकडून तरी समजावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पंपबाई कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मेहुणेसाहेबांच्या समोर बसली होती.

“पंधरा दिवस आहेत, मॅडम,” मेहुणेसाहेब म्हणाले. “तळघरात उतरायची काही गरज नाही. इथेच बसा, एसी आहे. लागेल तो शब्द मला विचारा.”

“साहेब, लगदा म्हणजे नेमकं काय हो?”

मेहुणेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. “लगदा म्हणजे... तसं बघायला गेलं तर... लगदाच.”

“मग मी खाली जाऊन येते,” ती म्हणाली. “पंप उघडून बघितल्याशिवाय मी पंप कधी लिहिला नाही.”

तळघरात काका होते. पासष्टीचे, बुटके, हात मनगटापर्यंत जांभळे. शब्दाचा अर्थ तोंडाने सांगणं त्यांना जमत नसे. ‘टोपी म्हणजे काय?’ असं विचारलं तर ते उत्तर न देता शिडी लावत आणि ‘या वर’ म्हणत. ती वर चढली. मोठ्या उघड्या पिंपात चिरडलेली द्राक्षं, रस, बिया, सालं असं सगळं एकत्र आंबून रटरटत होतं.

“हा लगदा,” काका म्हणाले. “आता सालं हलकी, ती वर येऊन जाड थर धरतात. ती टोपी. टोपी वर कोरडी पडली की आंबूस होते, आणि रंगही खाली उतरत नाही. म्हणून ही दांड्याची थाळी घ्यायची आणि दाबायची. घ्या, दाबा.”

तिने दाबली. टोपी हलेना. काकांनी तिच्या हातावर हात ठेवून जोर लावला, आणि भसकन थर फुटून गरम, आंबटगोड वाफेचा एक भपकारा तिच्या नाकात शिरला. तिला ठसका लागला. तिने उभ्या जन्मात वाइनचा थेंब चाखला नव्हता.

“बुडवणी,” काका म्हणाले. “लिहा.”

असं तीन दिवस चाललं. रस उकळता उकळता गोडी शिल्लक असताना मध्येच थांबला तर तो रुसला. मग पिंपाला कांबळं गुंडाळायचं, आणि शेजारच्या पिंपात जो जोमाने उकळतोय तो हसरा रस बादलीभर आणून ओतायचा. “एकटा बसला की जास्तच रुसतो,” काका म्हणाले. “बरोबरीचं कुणी आलं की येतो रांगेत.” तळाशी बसतो तो गाळ. गाळ खाली ठेवून वरची वाइन दुसऱ्या पिंपात घेणं म्हणजे पालट. ती पिंपाला कान लावून उभी राहायची. आत बारीक तडतड ऐकू यायची, आणि ती हसायला लागायची. संध्याकाळी घरी आली की वडील म्हणायचे, “आधी हात धू, कुणी बघितलं तर काय म्हणेल.”

तिचे वडील छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. आता निवृत्त. तिचा प्रत्येक मसुदा ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. विषय कळो न कळो, त्यांचा कायदा एकच: एका वस्तूला एक शब्द, आणि तो शेवटच्या पानापर्यंत तोच.

आणि या कामात तिला खरी गंमत वाटली ती हीच, की प्रत्येक शब्दाला पलीकडे अगदी त्याच्याच उंचीचा जोडीदार होता. जुनी पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की तिकडच्या तळघरांतही टोपीला टोपीच म्हणतात, कॅप. लगद्याला मस्ट. गाळाला लीज. रुसलेल्याला ‘अडकला’ म्हणतात, स्टक. पालट म्हणजे रॅकिंग. तिकडचे काकासुद्धा आपल्या काकांसारखेच, शब्दांच्या बाबतीत काटकसरी! साध्याला साधा शब्द लावत लावत तिने नवव्या दिवशी वही संपवली. इतकं स्वच्छ काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

वडिलांनी वाचून परत दिलं तेव्हा एकच लाल खूण होती. “हे बघ. पान बारावर म्हटलंय की बूच मारून, मोहोर लावून ठेवलेल्या पिंपातली वाइन लाकडातून हवेत उडते, वर्षाला शंभरात दोन. आणि पान एकतीसवर म्हणतायत, पिंपात दरसाल शंभराला सात कमी भरतं. दोन की सात? आणि या सातला तू नावच दिलेलं नाहीस. मुळात काय आहे?”

“मुळात आहे ‘मेहुण्याचा वाटा’,” ती म्हणाली. “मला वाटलं म्हणायची पद्धत असेल.”

“पद्धत असली तरी आकडा आहे,” वडील म्हणाले. “विचार.”

तिने विचारलं. काकांनी आधी जिन्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणला.

“दोन हवेत जातात, ताई.”

“आणि पाच?”

“शब्द नीट वाचा ना.”

तिने जिन्याकडे बोट केलं. “म्हणजे... वरचे?”

“दर महिन्याला त्यांचा माणूस येतो, सोबत कॅन असतात. ‘नमुने न्यायचेत’ म्हणतो. एवढे नमुने चाखायला एखादं गाव लागेल.” काकांनी कपाळ पुसलं. “वहीत खोटं लिहायचं नाही असं गुरूंनी सांगितलंय, म्हणून लिहितो. वही कुणी वाचत नाही म्हणून निभावतं. तुम्हीच पहिल्या वाचणाऱ्या निघालात. माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत, ताई. माझ्या तोंडून गेलं असं होऊ देऊ नका.”

तिने पुष्कळ विचार केला. चहाडी करणं हे आपलं काम नव्हे, आणि वहीत आहे ते गाळणं हेही आपलं काम नव्हे. शेवटी तिने लिहिलं: ‘एकूण घट शंभराला सात, त्यातली दोन हवेत.’ ज्याला वाचायचं असेल तो वाचेल.

तपासणीची बैठक अकराव्या दिवशी झाली. टेबलाच्या टोकाला मालक बसले होते. त्यांना इंग्रजी सही करण्यापुरतं येत होतं, आणि ते मान हलवण्यापुरते हजर होते. एका बाजूला मेहुणेसाहेब, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील. वाइनमधलं दोघांना सारखंच कळत होतं. म्हणजे बाटलीच्या बाहेरचं काहीच नाही.

“पहिल्याच पानावर चूक,” मेहुणेसाहेब म्हणाले. “मस्ट. मस्ट म्हणजे ‘केलंच पाहिजे’. काय केलं पाहिजे? वाक्य अर्धवट सोडलंय.”

“साहेब, लगद्याला इंग्रजीत मस्टच म्हणतात.”

“परदेशी माणसाला आपण पहिल्याच पानावर ‘केलंच पाहिजे’ म्हणून दम द्यायचा? उद्धट दिसतं. खोडा.”

“आणि हे लीज काय आहे?” वकिलांनी चष्मा वर केला. “‘वाइन सहा महिने लीजवर ठेवतात.’ कुणाच्या जागेत? भाडेपट्टा कुठाय? मला कुणी दाखवला नाही.”

“ते लीज वेगळं. स्पेलिंग बघा. हे म्हणजे गाळ.”

“गाळ?” मेहुणेसाहेब दचकले. “आपल्या वाइनमध्ये गाळ आहे हे आपणच लिहून द्यायचं? मॅडम, जरा भारदस्त काहीतरी. हेरिटेज डिपॉझिट.”

“डिपॉझिट नको,” वकील घाईने म्हणाले. “डिपॉझिट म्हटलं की परत करावं लागतं.”

बराच खल होऊन गाळाचं ‘हेरिटेज प्रेझेन्स’ झालं. पालटीला तिने सुचवलेला शब्द गेला, कारण रॅक म्हणजे फळी. साहेबांनी सुचवलेलं ट्रान्सफरही गेलं, कारण वकिलांच्या मते त्यात मालकी जाते. शेवटी ‘ए जर्नी’ ठरलं. टोपीला ‘क्राउन’ मिळाला. रुसण्यापाशी आल्यावर मेहुणेसाहेबांनी टेबलावर हात आपटला. “स्टक! आमच्याकडे काहीही अडकत नाही! लिहा: कन्टेम्प्लेटिव्ह पॉज. म्हणजे वाइन थांबून विचार करते.”

“आणि मग विचार करणाऱ्या वाइनला कांबळं का गुंडाळतात असं त्यांनी विचारलं तर?”

“थंडीत विचार सुचत नाहीत,” मालक अचानक म्हणाले, आणि पुन्हा मान हलवू लागले.

नाकापेक्षा मोती जड होत चालला होता. पंपबाई निमूट लिहून घेत होती. पंपाच्या कंपन्यांत असं कुणी करत नसे; तिथे निदान पाणी कुणाला घाबरत नाही. पान एकतीस आलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

“‘घट’,” मेहुणेसाहेबांनी नाक मुरडलं. “काय रडका शब्द! काही गोड नाही का इंग्रजीत?”

“आहे,” ती सावकाश म्हणाली. “हवेत उडून जाते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. एंजल्स शेअर. पण तो फक्त त्या दोनचा, साहेब. सातचा नव्हे.”

“वा!” मेहुणेसाहेबांचा चेहरा फुलला. “देवदूत! हे आधी का नाही सांगितलंत? आणि हे दोन-पाच वेगळं कशाला? सरळ सात टाका.”

“सात नका लिहू, साहेब. मी मनापासून सांगते.”

“मॅडम, आकड्याला घाबरू नका. लोकांच्या तळघरात देवदूत दोन टक्के घेत असतील. आमच्याकडे सात घेतात! आमचं सगळं मोठंच असतं. आणि ठळक अक्षरांत टाका.” मूळ वही त्यांच्या कोपराशीच पडली होती. ती उघडून बघावी असं त्यांना वाटलं नाही.

“देवदूतांना हरकत नाही,” वकील म्हणाले. “त्यांच्यावर दावा लागत नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण ज्याचा हात आहे तोच पुढे करत असेल, तर धरणारी ती कोण?

महिन्याभरात खरेदीदार बाई स्वतः आल्या. साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, नखांत काकांसारखाच जांभळा रंग. त्यांना ऑफिसात कॉफी दिली, ती त्यांनी तशीच ठेवली आणि तळघर कुठे आहे ते विचारलं. दुभाषी म्हणून पंपबाई सोबत. मालक, मेहुणेसाहेब, आणि खाली काका स्वच्छ सदरा घालून उभे.

बाईंनी पिंपांवरून हात फिरवला, भिंतीला तळवा लावला, हवा हुंगली. मग पर्समधून ती भारदस्त इंग्रजी प्रत काढली, पान उलटलं, आणि काहीतरी बोलून हसल्या.

“काय म्हणाल्या?” मालकांनी विचारलं.

“म्हणतात, तळघर फार छान आहे. थंड, दमट. अशा ठिकाणी वाइन कमी उडते. आणि म्हणतात, तुमचे देवदूत फार तहानलेले दिसतात.”

“कसले देवदूत?”

“पान एकतीस. दरसाल शंभराला सात.”

“सात?” इंग्रजी नसलं तरी मालकांना पिंपं मोजता येत होती. “आपल्या वहीत काय लिहिलंय? काका, वही आणा.”

काकांनी वही आणली. मालकांनी पान काढलं, बोट ठेवलं, आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं: “मेहुण्याचा वाटा, शंभराला सात.”

मेहुणेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“जुना शब्द आहे, दाजी,” ते म्हणाले. “म्हणायची पद्धत. हो ना, काका?”

काकांनी एकदा पंपबाईकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मान वर केली. “जुनाच आहे, मालक. तुमच्या वडिलांच्या वेळचा. गुरूंनी लिहिलेला. पण तेव्हा मेहुणा म्हणजे तुमचे मामा.”

“मामा?” मालक म्हणाले. मामांनी त्यांना लहानपणी सायकल घेऊन दिली होती.

“मामांच्या वेळी चार होतं,” काका म्हणाले. न्याय ज्याचा त्याला द्यावा, अशा सुरात.

पाहुण्या बाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी पंपबाईच्या दंडाला हात लावून विचारलं, काय चाललंय. आता आली का पंचाईत! खोटं सांगावं तर आयुष्यभराचं नाव जातं, खरं सांगावं तर घरची धुणी चव्हाट्यावर. तिने जेवढं खरं होतं तेवढंच, पण कमीत कमी शब्दांत सांगितलं: “आमच्याकडे या वाट्याला देवदूतांचं नाही, नातेवाइकाचं नाव आहे.”

बाईंच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन क्षण लागले. मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या की काकासुद्धा दचकले. त्या बरंच बोलल्या. मालकांनी विचारलं, “काय?”

“म्हणतात, माझ्या तळघरात भाचा होता. पाच टक्के. त्याला मी आता लेबलांच्या खोलीत बसवलंय. वरच्या मजल्यावर. तिथे चिकटपट्टीशिवाय काही मिळत नाही.”

मालकांनी मेहुण्याकडे बघितलं, आणि दोघं जिना चढून गेले.

मग बाईंनी ती इंग्रजी प्रत पंपबाईपुढे धरली. वाइन थांबून विचार करते म्हणजे काय करते? तिने पुटपुटत सांगितलं: स्टक. बाईंनी कपाळावर हात मारला. हेरिटेज प्रेझेन्स? लीज. ए जर्नी? रॅकिंग. प्रत्येक शब्दाला बाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, हे असं साधं तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? तिच्या पिशवीत पहिला मसुदा होता, वडिलांच्या लाल खुणेसकट. पण ती म्हणाली, मालकांना विचारून देते. मालकांनी जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, “द्या हो द्या! आता लपवायचं काय राहिलंय?”

ती खाली आली तेव्हा बाई आणि काका एका पिंपाला दोन्ही बाजूंनी कान लावून उभे होते. बाईंनी बोट वर केलं, काकांनी मान हलवली. काकांनी कांबळ्याकडे हात केला, बाईंनी ‘नको, अजून दोन दिवस’ अशी दोन बोटं दाखवली. काकांनी विचार करून तीन दाखवली. दुभाष्याची गरज कुणालाच नव्हती. ती एका खोक्यावर बसून बघत राहिली, आणि बऱ्याच वर्षांनी आपल्याला काही काम नाही याचं तिला सुख वाटलं.

त्या दिवशी काकांनी तिला पेल्यात घोटभर वाइन दिली. तिने चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “काका, हे लोक पैसे देऊन पितात?” काका आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

माल गेला. बाईंनी पुढच्या वर्षाचंही सांगून ठेवलं. मेहुणेसाहेबांना कुणी काढलं नाही. घरी बहीण होती, मालकांना रोज जेवायला घरीच जायचं होतं. त्यांना तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या खोलीत, ‘भाषाप्रमुख’ हे नवं पद मिळालं. कारखान्यात भिंतीवर जे काही लिहिलं जाईल, ते आता त्यांच्या मंजुरीशिवाय लागणार नव्हतं. त्यांचं पहिलं परिपत्रक असं, की ‘मेहुण्याचा वाटा’ हा शब्दप्रयोग आजपासून बंद. काकांनी त्याखाली सही केली आणि त्या वर्षीच्या पानावर लिहिलं: ‘घट, शंभराला दोन.’ नोकरीची तीन वर्षं त्यांना सुखाने मिळाली.

पाहुणे येऊ लागले म्हणून तळघराच्या दारावर ‘इथे पाय घसरतो’ अशी दोन्ही भाषांतली पाटी लावायचं ठरलं. पंपबाईने इंग्रजीत दोन शब्द लिहून दिले. भाषाप्रमुखांना ते फार कोरडे वाटले. ‘पाय घसरणं’ या शब्दांतून कारखान्याबद्दल गैरसमज होऊ शकतो, असा शेरा मारून त्यांनी कागद वकिलांकडे पाठवला. वकिलांनी ‘जागेची पाहणी केल्यावर मत देऊ’ असं लिहिलं. दोन महिन्यांनी ते पाहणीला आले, पहिल्या पायरीवर थांबले, दुसरीवर पाय ठेवला आणि उरलेल्या अकरा पायऱ्या बसूनच उतरले.

पाटी दुसऱ्या दिवशी लागली. मंजुरीची कुणी वाट बघितली नाही. काकांनी फळी आणली, ब्रश आणला आणि पंपबाईला बोलावून घेतलं. ती एकेक इंग्रजी अक्षर हवेत काढून दाखवत होती, आणि काका जीभ दातांत धरून, ते जसंच्या तसं फळीवर उतरवत होते.